दारात थोरले बसलेत

नारीन, रविवार, २३ फेब्रुवारी
सकाळी आठ वाजता उणे एकोणीस, आकाश निरभ्र, वारा नाही

आदरणीय कुबातदादा,

धाकट्या जिपारचा सलाम. ख्यालीखुशाली विचारण्याआधी एक दुरुस्ती करते, म्हणजे पुढचं पत्र मोकळ्या मनाने लिहिता येईल. माझ्या १० नोव्हेंबरच्या पत्रात, दुसऱ्या पानावर, वरून चौथ्या ओळीत असं वाक्य आहे : ‘मोठ्या काकू आता मशीन स्वतः सुरू करतात.’ या वाक्यावर रेघ मारावी आणि वरच्या मोकळ्या जागेत असं लिहावं : ‘मोठ्या काकू मशीन सुरू करत नाहीत. त्या मशीन बंद करत नाहीत.’ शेजारी माझी सही आहे असं समजावं.

आता ख्यालीखुशाली. तुम्ही बरे आहात ना? वहिनी बऱ्या आहेत ना? मुलींचा खोकला गेला का? रीतीप्रमाणे यानंतर गुराढोरांची चौकशी करायला हवी, पण नवव्या मजल्यावर तुमच्याकडे गुरं नाहीत, म्हणून मोटारीची करते. ती थंडीत नीट सुरू होते ना? (हे टोमण्यासारखं वाटलं तर तसं नाही. सुरू होण्याचा विषय या पत्रात पुढे बऱ्याचदा येणार आहे.) इकडे सगळं ठीक आहे. बाबा अजून हिवाळी कुरणावरच आहेत, मेंढ्या वाचल्या, एक घोडी लंगडते. आईचे दात दुखतात. मोठ्या काकूंचा डावा गुडघा दुखतो, पण अंगणातल्या पेटीतलं तापमान बघायला त्या रोज आठ वाजता आणि दोन वाजता जातातच. हवामान केंद्रातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, हे त्या पेटीला कोणी सांगितलेलं नाही.

तुम्ही ऑक्टोबरात आलात, ऑफिसातलं जुनं मशीन, तो लॅपटॉप, तुमच्या आईला म्हणजे काकूंना दिलंत, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलंत आणि चहाच्या कपाटावर एक कागद चिकटवून गेलात. तो तुमच्या अटींचा कागद अजून तिथेच आहे. मार्चात नवरोजला याल तेव्हा काकूंनी तुमच्यासमोर मशीन स्वतः सुरू करून दाखवायचं, तोवर दर रविवारी त्यावर व्हिडिओतून तुम्हाला तोंड दाखवायचं आणि एक पत्र लिहून स्वतः पाठवायचं. जमलं तर काकू याच घरात राहतील आणि तुम्ही पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर एप्रिलात काकू बिश्केकला तुमच्याकडे आणि घर सापारला, पाहुण्यांसाठी लॉज काढायला. साक्षीदार म्हणून तुम्ही माझं नाव लिहिलंत. मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं की मी साक्षीला फार वाईट आहे, कारण मला जे दिसतं तेच लिहायची सवय लागलेली आहे, आणि ती सवय मला ज्यांनी लावली त्यांच्याविरुद्धच ती वापरायची वेळ येईल.

(माझं पहिलं शिक्षण काकूंकडे झालं हे तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही तेव्हा शहरात शिकत होतात, म्हणून तपशील लिहिते. आई बाबांबरोबर कुरणावर जायची आणि मला हिवाळाभर घाटावरच्या हवामान केंद्रात काकूंजवळ ठेवायची. मी आकडे थर्मामीटरवर शिकले, त्यामुळे उणे आकडे आधी आले, अधिक नंतर. लिहायला नोंदवहीत शिकले. पाहिलं ते लिहायचं. पाहिलं नाही तिथे आडवी रेघ ओढायची, अंदाज लिहायचा नाही. चुकलं तर रबराने पुसायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर लिहायचं आणि सही करायची. शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी सरपण फोडायच्या हत्याराचं चित्र दाखवलं आणि मी म्हटलं, ‘चिरणारं’. वर्ग हसला. मला त्या वस्तूचं दुसरं नाव असतं हेच माहीत नव्हतं, कारण ते नाव आणि आपल्या आजोबांचं नाव एकाच शब्दापासून सुरू होतं आणि काकूंच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलंच नव्हतं.)

इथेच मूळ मुद्दा येतो.

तुम्ही २७ ऑक्टोबरला, रविवारी, निघालात. सोमवारी सकाळी आठची नोंद झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. मशीनचं बटण दाबलं होतं आणि ते एक रिकामी चौकट दाखवून थांबलं होतं.

“काय मागतंय हे?”

“पासवर्ड, काकू. त्याशिवाय आत घेत नाही.”

मी तुमचा कागद उलटून पाहिला. मागे तुमच्या अक्षरात होतं : ‘सुरुवातीचा पासवर्ड : आजोबांचं नाव. आईच्या सहज लक्षात राहील.’ मी ते मोठ्याने वाचलं. काकूंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मग पुन्हा सारखा केला, आणि म्हणाल्या, “लक्षात आहे.”

दादा, तुम्हाला रीत माहीत आहे, पण तुम्ही ती विसरलात असं दिसतं, म्हणून लिहिते. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. नावासारखा शब्दही घेत नाही. काकूंनी ते नाव शेचाळीस वर्षांत उच्चारलेलं नाही. सासरे केंद्रप्रमुख होते आणि दर महिन्याच्या अहवालाखाली त्यांचं नाव लिहावं लागे, तेव्हाही काकूंनी ‘केंद्रप्रमुख’ एवढंच लिहिलं आणि राजधानीतल्या कचेरीने शेवटी तेच नाव समजून पत्रं पाठवायला सुरुवात केली. घरात त्या त्यांना ‘थोरले’ म्हणतात. मी पण या पत्रात ते नाव लिहिणार नाही. मला चालतं, मी या घरची मुलगी आहे, पण पत्र पाठवण्याआधी काकू वाचणार आहेत.

काकूंनी आधी सरळ उपाय केला. घरात जो शब्द चालतो तो, ‘थोरले’, टाइप केला. मशीनने नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं.

“साऱ्या गल्लीला कळतं मी कोणाबद्दल बोलते ते. याला कळत नाही?”

“याला फक्त अक्षरं कळतात, काकू.”

“म्हणजे याला कोणी वळण लावलेलं नाही,” काकू म्हणाल्या. (लिनक्सबद्दल त्यांचं मत त्या दिवशी चांगलं नव्हतं. तसंही, फुकट मिळतं म्हटल्यावर त्यांना त्याचा संशय आलाच होता. शिवाय पडद्यावर जो काळापांढरा पक्षी येतो तो आपल्याकडे कुठल्याच महिन्यात दिसत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.)

मग आमच्या घरातून आईला बोलावलं, कारण दोघी जावा, दोघींचे सासरे एकच. आई कणकेचे हात घेऊन आली आणि दारातूनच निकाल देऊन मोकळी झाली.

“जाऊबाई, तोंडाने कुठे घ्यायचंय? बोटाने घ्या.”

“बोट कुणाचं गं?”

“मग कोपराने घ्या.”

“तूच घे की. तुझेही सासरेच ते.”

आईला त्याच क्षणी चुलीवरची भाकरी आठवली. ती भाकरी त्या दिवशी दुपारपर्यंत भाजत होती असं मला नंतर सांगण्यात आलं.

तिसरा उपाय माझा होता आणि त्याची मला अजून लाज वाटते. मी कागदाचे बारीक तुकडे करून बटणांवर आकडे चिकटवले, म्हणजे काकूंनी नाव लिहायचंच नाही, फक्त एकापासून पुढे क्रमाने आकडे दाबत जायचं. काही अक्षरं पुन्हा येतात, त्यामुळे एका बटणावर तीन आकडे दाटीवाटीने बसले. काकूंनी एक दाबला, दोन दाबला, तिसऱ्यावर बोट थांबलं आणि कान लाल झाले. तीस वर्षं ढगांचे प्रकार ओळखणाऱ्या बाईला आठ अक्षरांचा क्रम ओळखायला किती वेळ लागणार?

“हे आकडे नाहीत, पोरी. हे तेच आहेत. आकड्यांचा कोट घालून आलेत.”

मग मी म्हटलं, पासवर्ड बदलू या. तुम्ही म्हणाल हे आधीच सुचायला हवं होतं. सुचलं होतं, पण तुम्ही ‘आतलं काही बदलू नकोस’ असं दोनदा लिहून त्याखाली रेघ ओढली होती आणि मला तुमची परवानगी घेऊन मगच करायचं होतं. परवानगीची गरजच पडली नाही.

“बदलायचं म्हणजे थोरल्यांना काढायचं?”

“काढायचं नाही, काकू. त्यांच्या जागी दुसरा शब्द.”

“दारात बसलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसवायचा, त्याला काढणंच म्हणतात.” आणि मग त्यांनी मला ते सांगितलं जे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात काकूंनी अकरा दिवस वाऱ्याची दिशा उलटी लिहिली होती. वारा येतो कुठून ते लिहायचं असतं, त्यांनी तो जातो कुठे ते लिहिलं. कचेरीतून चौकशी आली. थोरल्यांनी अकरा रेघा मारल्या, अकरा ठिकाणी बरोबर लिहिलं आणि अकरा ठिकाणी स्वतःची सही केली, जणू चूक त्यांचीच होती. सुनेला एक शब्द बोलले नाहीत. “त्यांनी मला काढलं नाही,” काकू म्हणाल्या. “मी त्यांना काढू?”

म्हणजे स्थिती अशी झाली की नाव घेता येत नाही आणि नाव हलवताही येत नाही. मंगळवारी, २९ ऑक्टोबरला, सकाळी सव्वाआठ वाजता काकू खोलीबाहेर गेल्या आणि मी ती आठ अक्षरं टाइप केली. मशीन उघडलं. काकू आत आल्या आणि म्हणाल्या, “आता हे बंद करायचं नाही.”

लिनक्सचं मशीन महिनोन् महिने बंद न करता चालतं, असं तुम्हीच जेवताना म्हणाला होतात, थोडं अभिमानाने. काकू तेव्हा शोरबा वाढत होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

नोव्हेंबरातलं माझं वाक्य कसं आलं ते आता सांगते. पडदा झोपला की तो उठवायला दुसरा, छोटा पासवर्ड लागतो. तो काकूंनी स्वतः ठरवला आहे (हवेच्या दाबाचा एक आकडा आहे, दाब मी सांगणार नाही) आणि तो त्या माझ्यापेक्षा लवकर टाइप करतात. मी ते पाहिलं आणि त्याला ‘सुरू करणं’ म्हटलं. ते सुरू करणं नव्हतं हे मला माहीत होतं. मी ते म्हटलं, कारण मला ते म्हणायचं होतं.

बाकी प्रगती खरी आहे आणि तिच्यावर कुठेही रेघ मारायची नाही. माउस काकूंना आवडत नाही. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे हे त्यांना अप्रामाणिक वाटतं. पण मशीनला हुकूम टाइप करून द्यायची ती काळी खिडकी, जिच्याबद्दल तुम्ही ‘आईला दाखवूसुद्धा नकोस’ असं लिहिलं होतं, ती मी चुकून उघडी ठेवली आणि काकू तिच्यासमोर बसल्या त्या बसल्याच. तिच्यात शब्द थोडे आणि नेमके लिहायचे असतात, एक अक्षर चुकलं तर ती तोंडावर सांगते आणि बरोबर असलं तर उगाच शाबासकी देत नाही. काकूंनी एकतीस वर्षं पाच-पाच आकड्यांच्या गटांत हवामान तारेने पाठवलं. त्यांना हे सगळं ओळखीचं निघालं. शिवाय त्या खिडकीत पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. “हिला लाज आहे,” म्हणाल्या. त्या दिवसापासून लिनक्स घरातलं झालं.

आता सकाळी आठची नोंद झाली की त्या खिडकीत एक शब्द लिहितात आणि मशीन सांगतं की ते किती दिवस जागं आहे. तो आकडा तापमानाच्या शेजारी नोंदवहीत जातो. आज एकशे सतरा. जुन्या नोंदवह्यांमधली अकरा वर्षं त्यांनी मशीनमध्ये चढवली आहेत (मी त्यांच्या तीन प्रती काढून तीन घरांत ठेवल्या आहेत). मशीन अधूनमधून विचारतं की नवीन सुधारणा आल्या आहेत, एकदा बंद करून सुरू करू का? काकू ‘नंतर’ हे बटण दाबतात. मशीनला ते खरं वाटतं. आपल्याकडे पाहुण्याला नकार याच शब्दाने देतात, पण मशीन बाहेरगावचं आहे.

रविवारी त्या तुम्हाला तोंड दाखवतात, सतरा रविवार झाले. तेव्हा एक अट पूर्ण आहे. तुम्ही दर वेळी शेवटी म्हणता, “चल, आता बंद कर,” आणि काकू “हो” म्हणतात. ते खोटं नाही. त्या खिडकी बंद करतात.

१७ जानेवारीला, शुक्रवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी गल्लीतली वीज गेली. बाहेर उणे सव्वीस. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही. काकूंकडून आणि सापारकडून ऐकलेलं लिहिते, आणि दोघांचं जिथे जुळत नाही तिथे काकूंचं घेते. मशीनची बॅटरी सत्तर मिनिटं पुरते. काकूंनी पन्नास मिनिटं वाट पाहिली, मग मशीन लोकरीच्या नमद्यात गुंडाळलं, वर मेंढीचं कातडं घातलं आणि झाकण उघडंच ठेवून, नवजात कोकरू आणावं तसं पोटाशी धरून त्या रस्त्यावर आल्या. दूध केंद्रावर जनरेटर आहे, पण ते दोन किलोमीटरवर. तेवढ्यात सापारची गाडी आली. हाच तो सापार, ज्याला घर हवं आहे. सापार माणूस वाईट नाही, फक्त त्याला प्रत्येक घरात आठ खाटा दिसतात.

“मावशी, या थंडीत काय घेऊन निघालात? कोंबडी?”

“दूध केंद्रावर सोड. बोलू नकोस, लवकर चल.”

सापारने वाकून पाहिलं तर कातड्याच्या आत उजेड होता. दर दोन मिनिटांनी काकू आत डोकावून टक्के सांगत होत्या. चौदा. अकरा. नाक्यावर बर्फात मागचं चाक रुतलं तेव्हा नऊ. सापार उतरून ढकलत होता आणि काकू आतून त्याला “सहा!” म्हणून ओरडत होत्या. त्याला वाटलं वेग सांगतायत.

दूध केंद्रावर तिथला कामगार ओरोझ एकटाच होता. त्याच्या एकुलत्या सॉकेटला साय काढायचं यंत्र लावलेलं होतं आणि त्यात अख्ख्या गल्लीचं चाळीस लिटर दूध फिरत होतं.

“वायर काढ,” काकू म्हणाल्या.

“काकू, साय अर्धवट राहील!”

“राहू दे. माझ्याकडे दोन टक्के आहेत.”

त्या आठवड्यात गल्लीत कोणाच्याही चहात धड साय नव्हती, हे तुम्हाला आईने फोनवर सांगितलंच असेल. कारण सांगितलं नसेल. (झाकण मिटलं असतं तर मशीन झोपी गेलं असतं आणि त्या बॅटरीवर एकदोन दिवस सहज तग धरलं असतं, हे मला दहा दिवसांनी वाचताना कळलं. काकूंना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे आता सांगितलं.)

केंद्रावर तीन तास बसायला लागलं. सापारही थांबला, कारण काकूंना परत न्यायचं होतं. त्याने सरळ विचारलं, “मावशी, एवढी यातायात कशाला? बंद करायचं, वीज आली की चालू करायचं.”

“चालू होणार नाही.”

“का? बिघडलंय?”

“दारात थोरले बसलेत,” काकू म्हणाल्या.

सापारलाही सुना आहेत. तो आधी हसायला लागला, मग हसायचा थांबला. वाटेत म्हणाला, “म्हणजे मावशी, मशीन तुम्हाला सुरू करता येत नाही. हे कुबातला माहीत आहे का?” १९ फेब्रुवारीला तो मोजपट्टी घेऊन घर बघायला आला तेव्हा चहा पिताना पुन्हा म्हणाला, या वेळी माझ्यासमोर, “नवरोजला कुबात आला की मला सांगावं लागेल बघा. मनात ठेवणं मला जमत नाही.”

तो गेल्यावर काकूंनी मला विचारलं, तू नोव्हेंबरात काय लिहिलं होतंस? मी सांगितलं. त्यांनी नोंदवही मिटवून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “चूक कचेरीने शोधली तर शेरा लाल शाईत येतो. आपण सांगितली तर निळ्या शाईत राहते. लिही त्याला.”

मी म्हटलं, काकू, लिहिलं तर घर जाईल.

“घराचं नंतर बघू. नोंद खोटी आहे.”

म्हणून हे पत्र.

आता उपाय. गेले चार महिने मी लिनक्सचं जेवढं मिळेल तेवढं वाचते आहे. त्यातला अर्धा भाग मला समजत नाही आणि उरलेला वाचून झोप येत नाही. पण गेल्या गुरुवारी असं वाचलं की या कुलपाला एकच किल्ली असते असं नाही. पहिली तशीच ठेवून शेजारी दुसरी लावता येते, आणि दोन्हींपैकी कुठल्याही एकीने दार उघडतं. (हे तुम्हाला माहीत असणार. कागदावर लिहिलं असतंत तर साय वाचली असती.) मी काकूंना हे पेटीजवळ उभी राहूनच सांगितलं. त्यांनी मला तीन वेळा परत सांगायला लावलं आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला : थोरले हलणार नाहीत ना? मी म्हटलं, नाही. तुमच्यासाठी शेजारी एक दिंडी उघडायची, एवढंच. काकू म्हणाल्या, “मग चालेल. तशी त्यांनी स्वतःच उघडून दिली असती.”

दुसरा शब्द त्याच ठरवतील आणि त्याच टाइप करतील. तेव्हा मी अंगणाकडच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहणार आहे. तो मला माहीत नसेल आणि तुम्हालाही कळणार नाही, तेव्हा कृपया विचारू नका. विसरल्या तर थोरले आहेतच, आणि मी आहे. त्यानंतर मशीन बंद करायचं, आणि काकूंनी ते सुरू करायचं. इतक्या दिवसांनी ते पुन्हा उठेल का याची मला काळजी वाटते. काकूंना वाटत नाही. त्या म्हणतात, उठलं नाही तर तसं लिहायचं.

जे होईल ते मी तुम्हाला लिहीन, बरोबर किंवा चूक, निळ्या शाईत. वहिनींना नमस्कार, मुलींना गालगुच्चे. 

तुमची धाकटी,
जिपार

ता. क. काकूंनी पत्र वाचलं. दोन दुरुस्त्या सांगितल्या. दूध चाळीस लिटर नव्हतं, अडतीस होतं. आणि नाक्यावर बर्फात चाक रुतलं तेव्हा नऊ नाही, आठ टक्के होते. झाकणाबद्दलची ओळ वाचून त्या माझ्याकडे फक्त बघत राहिल्या. या पानांचे फोटो मशीनमधून पाठवायचं बटण त्याच दाबणार आहेत आणि सोबत दोन ओळींचं त्यांचं स्वतःचं पत्र आहे, तेव्हा आणखी एक अट पूर्ण समजावी. राहिली एक.

ता. क. दुसरा. दोन वाजले, काकू तापमान बघायला गेल्या आहेत, सात मिनिटं लागतात, म्हणून घाईत लिहिते. दादा, सापारला आजच फोन करून नाही म्हणा. मशीन उठतं की नाही ते न बघता. तो १९ तारखेला बैठकीच्या भिंतीवर, भिंत कुठून फोडायची ते खडूने लिहून गेला. काकूंनी ते पुसलं नाही. त्यावर एक रेघ मारली आणि खाली सही केली. त्या रोज त्याच भिंतीला पाठ लावून चहा पितात. तुम्हाला काळजी वाटते की एकट्या राहिल्या तर त्या गोष्टी विसरतील. तुमच्या चव्वेचाळीस वर्षांत जे नाव त्यांच्या तोंडून तुम्ही एकदाही ऐकलं नाही, तेच तुम्ही त्यांच्या दाराला लावलंत. काकू काही विसरलेल्या नाहीत. परीक्षा घ्यायचीच असेल तर ती काकूंची नको. मोठ्या भावाला असं लिहिणं शोभत नाही हे मला माहीत आहे. माफी मागते. पण हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहिलं.

ता. क. तिसरा. काकू चार मिनिटांतच आल्या, वारा नव्हता. वरचं सगळं त्यांनी उभ्यानेच वाचलं. म्हणाल्या, “विनंत्या नोंदवहीत लिहीत नाहीत. रेघ मार.” मी मारली आहे. रेघ कशी मारतात ते तुम्हाला माहीत आहे : खालचं वाचता आलं पाहिजे. मग म्हणाल्या, “आणि दिवस लिही. दिवसाशिवाय नोंद नसते.” चालू महिन्यात उपकरणाला हात लावायचा नाही, फेब्रुवारीचा तक्ता पुरा व्हायला हवा. त्यानंतर तीन दिवस मी शाळेतल्या जुन्या मशीनवर सराव करून बघायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. तेव्हा, मंगळवार, ४ मार्च, सकाळी आठची नोंद झाल्यावर.